ती यादी पुन्हा उघडा : बिग टेनचा सार्वकालिक संघ निवडणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी आपण चौदा जण गॅरेजमध्ये खुर्च्या मांडून बसलो, भिंतीवर चार्ट पेपर चिकटवला आणि चार तास भांडून बिग टेन कॉन्फरन्सचा, म्हणजे मुख्यतः मिडवेस्टमधल्या विद्यापीठांच्या गटाचा, अमेरिकन फुटबॉलचा सार्वकालिक संघ ठरवला. कुणी पर्ड्यूचं, कुणी मिशिगनचं, दोघं ओहायो स्टेटची, आणि मी इलिनॉयचा. मतं पडली, नावं लिहिली गेली, जेवणं झाली. निघताना मी फारसं काही बोललो नाही. पण तेव्हापासून ती यादी माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र. खुलं लिहितोय, कारण अशा याद्या दर उन्हाळ्यात मिडवेस्टमधल्या गावोगावी होतात आणि अ‍ॅन आर्बर, कोलंबस, मॅडिसन, वेस्ट लाफायेटला शिकलेली मराठी माणसं त्यात हिरिरीने मत देतात. जे आपल्याकडून चुकलं, ते त्यांच्याकडूनही चुकत असणार.

कोण चेंडू घेऊन किती पुढे गेला याचे यार्ड आपण मोजले आणि नावं लिहिली, एवढंच आपल्या हातून झालं. माझं म्हणणं असं आहे की खेळाडूला त्याच्या काळाने जेवढं मैदान दिलं, तेवढ्यात त्याने काय केलं हे बघून मत द्यायला हवं. सार्वकालिक म्हणायचं तर सगळे काळ त्यात आले पाहिजेत. आपल्या यादीतल्या २४ नावांपैकी १९७० च्या आधीचं एकच आहे, इलिनॉयचा बचावपटू डिक बटकस. कॉन्फरन्स सुरू झाली १८९६ मध्ये.

आधी सभासदत्वाचा प्रश्न घेतो, कारण तिथेच पहिली ठेच लागली. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून हल्ला चालवणारा खेळाडू, म्हणून मार्कस मारिओटाचं नाव आलं आणि पाच मतं घेऊन गेलं. मारिओटाने ओरेगनकडून २०१४ ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकली, त्याच्या गुणवत्तेबद्दल वादच नाही. पण ओरेगन बिग टेनमध्ये आलं २०२४ मध्ये. मारिओटा एकही सामना बिग टेनचा म्हणून खेळलेला नाही. यूएससी, यूसीएलए आणि वॉशिंग्टनही त्याच वर्षी आले. त्यांचा सगळा इतिहास आपल्या खात्यात ओढायचा असेल तर यूएससीचा मार्कस अ‍ॅलनही आपला, आणि मग पॅसिफिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सकडे शंभर वर्षांचं काय उरलं? नेब्रास्काचा एनडामुकॉन्ग सू २००९ मध्ये ज्या ताकदीने खेळला ते मी विसरलेलो नाही, पण नेब्रास्का तेव्हा बिग ट्वेल्व्हमध्ये होतं, इकडे आलं २०११ मध्ये. पेन स्टेटच्या जॉन कॅपेलेटीला १९७३ मध्ये हाइजमन मिळाली तेव्हा पेन स्टेट कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हतं, बिग टेनमध्ये त्यांचा फुटबॉल १९९३ पासून. पेन स्टेटवाल्यांनी यावर रागावू नये. त्यानंतरचे लावार अ‍ॅरिंग्टन आणि सेक्वॉन बार्कली आहेतच की.

हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो, आणि तिथे आपण सरळ अन्याय केलाय. जे बॅरवँगर हे नाव शनिवारी कुणाच्याच तोंडून आलं नाही. माझ्याही आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पहिली हाइजमन ट्रॉफी, १९३५ ची, याला मिळाली. खेळायचा शिकागो विद्यापीठाकडून, आणि शिकागो विद्यापीठ कॉन्फरन्सच्या स्थापनेपासूनचं सभासद. पुढे १९३९ मध्ये विद्यापीठाने मोठा फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये कॉन्फरन्स सोडली. त्यांच्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली. आता त्या जागी ग्रंथालय आहे. आपल्यातले दोघं तिथे पीएचडीसाठी रात्र रात्र बसले आहेत, पण आपण कुठल्या मैदानावर बसतोय याचा त्यांनाही पत्ता नव्हता.

बॅरवँगर धावायचा, पास टाकायचा, पंट मारायचा, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवायचा, आणि बचावात समोरच्याला पाडायचाही. १९३४ मध्ये मिशिगनच्या एका खेळाडूने त्याला अडवायला झेप घेतली आणि बॅरवँगरच्या टाचेने त्याच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली. तो व्रण त्या खेळाडूच्या चेहऱ्यावर जन्मभर राहिला. त्याचं नाव जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. १९३६ मध्ये व्यावसायिक लीग एनएफएलचा पहिला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी महाविद्यालयीन खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला तेव्हा सर्वात पहिलं नाव बॅरवँगरचं पुकारलं गेलं, पण तो व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नाही. म्हणजे आपल्याला टीव्हीवर, जुन्या चित्रफितींत, वाढदिवसाच्या जर्सीवर हा माणूस भेटायची सोयच नव्हती. विद्यापीठ कॉन्फरन्समधून गेलं म्हणून खेळाडूने तिथे घाम गाळलेले दिवस पुसले जात नाहीत.

आता यार्डांकडे येतो. रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या, दोन जागांवर आपण विस्कॉन्सिनचे रॉन डेन आणि जोनाथन टेलर बसवले. आकडे वाचून दाखवले गेले आणि वाद मिटला. टेलरचे तीन हंगामांत ६,१७४ यार्ड, डेनचे चार हंगामांत ७,१२५. डेनबद्दल मला मनापासून आदर आहे आणि माझ्या यादीतही तो कुठेतरी असेल. पण त्याच्याच आकड्याची गोष्ट नीट ऐका. महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए, तिच्या अधिकृत नोंदीत डेनचे यार्ड आहेत ६,३९७. कारण २००२ च्या आधी हंगामानंतरच्या बोल सामन्यांतले यार्ड कारकिर्दीच्या हिशेबात धरत नसत. २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पंफ्रीने ६,४०५ वर जाऊन त्याचा विक्रम मोडला, तोही बोल सामन्यात. पंफ्रीचे बोल सामने धरले, डेनचे धरले नाहीत, आणि विक्रम हातचा गेला. विस्कॉन्सिनच्या लोकांना हे आजही झोंबतं, आणि झोंबायलाच हवं. मग डेनवर मोजणीमुळे झालेला अन्याय ज्यांना कळतो, त्यांना ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनवरचा का कळू नये? इलिनॉयच्या रेड ग्रेंजवरचा का कळू नये?

१९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळताच येत नव्हतं. तीनच हंगाम मिळायचे. हंगामात आठ, नऊ, फार तर दहा-अकरा सामने. आजचा संघ कॉन्फरन्सचा अंतिम सामना आणि प्लेऑफ धरून पंधरा-सोळापर्यंत जातो. बोल सामन्यांचं तर विचारूच नका. दुसऱ्या महायुद्धाआधी बिग टेनचे संघ जवळजवळ बोल खेळतच नसत, आणि त्यानंतर १९७५ पर्यंत कॉन्फरन्समधून एकच संघ जायचा, रोझ बोलला. मिशिगनच्या मंडळींना १९७३ आठवत असेल, निदान ऐकून तरी माहीत असेल. मिशिगन आणि ओहायो स्टेट, दोघंही अपराजित, अ‍ॅन आर्बरला १०-१० अशी बरोबरी. रोझ बोलला कुणी जायचं हे विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदानाने ठरवलं, ओहायो स्टेट गेलं. मिशिगनच्या क्वार्टरबॅकचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, हे कारण पुढे आलं. १९७२ ते १९७४ या तीन हंगामांत मिशिगनने ३० सामने जिंकले, २ हरले, १ बरोबरीत सोडवला, आणि त्या मुलांना एकही बोल सामना मिळाला नाही. दोन वर्षांनी कॉन्फरन्सने नियम बदलला. त्या मुलांच्या आकड्यांत जी पोकळी आहे ती त्यांच्या पायांतली नाही, बंद खोलीतल्या मतदानातली आहे. आपणही शनिवारी चिठ्ठ्या टाकल्या आणि कुणी कारणं लिहिली नाहीत. पुढच्या वेळी प्रत्येकाने मतासोबत दोन ओळींत कारण लिहावं, हा माझा आग्रह आहे.

ग्रिफिन कोलंबसचाच मुलगा, उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. नियम बदलला त्याच वर्षी, १९७२ मध्ये, तो आला. पहिल्या सामन्यात हातात आलेला पहिलाच चेंडू त्याच्याकडून सुटला. दुसऱ्या सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध २३९ यार्ड. पुढे नियमित हंगामातल्या सलग ३१ सामन्यांत त्याने शंभरच्या पुढे यार्ड काढले. हाइजमन दोनदा जिंकणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू, १९७४ आणि १९७५. इतक्या पिढ्या आल्या, इतके मोठमोठे हंगाम झाले, दुसऱ्या कुणालाच ते जमलं नाही. त्याला दुसऱ्या फळीत टाकताना आपला हात कसा धजावला?

आणि ग्रेंज. मी नेपरव्हिलला राहतो, व्हीटन माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. ग्रेंज त्या गावात वाढला. उन्हाळ्यात घरोघरी बर्फ पोचवायचं काम करायचा. पन्नास-शंभर पौंडांची लादी चिमट्याने उचलायची, खांद्यावर घ्यायची, जिना चढायचा. तेव्हाचं वर्तमानपत्र त्याला व्हीटनचा बर्फवाला म्हणायचं. माझी मुलगी व्हीटनला पोहायला जाते. गाडीत तिची वाट बघताना कितीदा मनात येतं, याच रस्त्यांवरून तो लाद्या वाहत गेला असेल.

१८ ऑक्टोबर १९२४. शँपेनला इलिनॉय विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमचं समर्पण होतं. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मृतीसाठी बांधलेलं ते स्टेडियम, खांबाखांबावर त्यांची नावं कोरलेली आहेत. समोर मिशिगन. किकऑफचा, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या लाथेचा, चेंडू ग्रेंजच्या हातात आला आणि तो ९५ यार्ड धावत गेला. मग ६७ यार्ड, मग ५६, मग ४४. पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन, म्हणजे चारदा चेंडू शेवटच्या रेषेपार. प्रशिक्षक झुप्की यांनी त्याला दम घ्यायला बाहेर बसवलं. परत आल्यावर त्याने पाचवं टचडाउन केलं आणि सहावं पास टाकून करवलं. इलिनॉय ३९, मिशिगन १४. त्याची सगळी महाविद्यालयीन कारकीर्द २० सामन्यांची, त्यात ३१ टचडाउन. डेन आणि टेलर यांच्याशी यार्डाला यार्ड लावून ही तुलना होणारच नाही. आपल्याकडे भाऊसाहेब निंबाळकर १९४८ मध्ये पुण्यात ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, आणि काठियावाडचा संघ मैदान सोडून गेला. ४४३ हा आकडा ४५२ पेक्षा लहान म्हणून त्या खेळीला कुणी मराठी माणूस लहान म्हणेल का? ग्रेंजचा आकडाही तसाच बघा. सामने किती मिळाले, त्याच्याशी लावून बघा.

शनिवारी एकाने आक्षेप घेतला की त्या काळात समोर होतंच कोण, कृष्णवर्णीय खेळाडूंना खेळू देत नसत, मग ग्रेंजचा कस लागला असं कसं म्हणायचं? हा आक्षेप रास्त आहे, तो मी टाळणार नाही. ग्रेंजच्या काळात बिग टेनमध्येही कृष्णवर्णीय खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ज्यांना संधी नाकारली त्यांची नावं आता कुठल्याच यादीत येऊ शकत नाहीत. दक्षिणेत तर तिथल्या एसईसी कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू, केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन, १९६७ मध्ये मैदानात उतरला. टेक्सासमध्ये वाढलेला बबा स्मिथ याच कारणाने मिशिगन स्टेटला आला, आणि १९६७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ खेळाडूंपैकी चार मिशिगन स्टेटचे होते. पण हा आक्षेप मनापासून घेणाऱ्याने एक पाऊल आणखी पुढे टाकायला हवं होतं. ज्यांना खेळू दिलं आणि जे दुप्पट भार सोसून खेळले, त्यांना वर आणायला हवं होतं. ड्यूक स्लेटरचं नाव कुठे आहे?

स्लेटर आयोवाचा टॅकल, म्हणजे लाइनवर, सर्वात पुढच्या रांगेत, उभा राहून समोरच्यांना ढकलणारा खेळाडू, १९१८ ते १९२१. वडील धर्मोपदेशक, घरात पैसा बेताचा. शाळेत असताना हेल्मेट आणि बूट यांपैकी एकच घेता येईल असं त्याला सांगितलं गेलं. पाय अवाढव्य, म्हणून त्याने बूट घेतले आणि हेल्मेटशिवाय खेळायची सवय लागली ती लागलीच. १९२१ च्या नोत्र दामविरुद्धच्या सामन्याचं एक छायाचित्र आहे. स्लेटर उघड्या डोक्याने समोरच्या खेळाडूंना ढकलतोय आणि त्याच्यामागे मोकळी वाट तयार झालीय. आयोवाने तो सामना १०-७ असा जिंकला, नोत्र दामची सलग २० विजयांची मालिका तिथे संपली. कायद्याचं शिक्षण घेऊन तो पुढे शिकागोत न्यायाधीश झाला. १९५१ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमची पहिली तुकडी जाहीर झाली, त्यात तो होता. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमला मात्र त्याच्यापर्यंत पोचायला २०२० साल उजाडलं. स्लेटर १९६६ मध्येच गेला होता. आयोवा सिटीच्या मैदानाला आता त्याचं नाव आहे.

लाइनवरच्या खेळाडूंना यार्ड नसतात, म्हणूनच आपण ते पाच रकाने शेवटी दहा मिनिटांत भरले. जेवण गार होत होतं. ओर्लांडो पेसचं नाव सुदैवाने कुणालातरी आठवलं. १९९६ मध्ये ऑफेन्सिव्ह टॅकल असून हाइजमनच्या मतदानात चौथा आलेला हा माणूस नसता तर यादीची शोभाच झाली असती. बचावाचंही तेच. टॅकल (समोरच्याला पाडणं) आणि सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं) यांची अधिकृत नोंद एनसीएए ठेवायला लागली २००० पासून. बटकसने किती जणांना लोळवलं याचा अधिकृत आकडाच नाही, तरी त्याचं नाव आलं, कारण त्याचं नाव पुरस्काराला आहे. ज्यांच्या नावाचा पुरस्कार नाही त्यांनी काय करायचं?

मी इथे आलो २००१ च्या ऑगस्टमध्ये. पहिला सामना बघायला गेलो तेव्हा शेजारच्या आसनावर एक निवृत्त शेतकरी होते, चाळीस वर्षांचं सीझन तिकीट असलेले. मी चेंडूच्या मागे मान फिरवत होतो. ते म्हणाले, एक ड्राइव्ह, म्हणजे चेंडू एका संघाकडे असेपर्यंतचा खेळ, फक्त डाव्या टॅकलकडे बघ, चेंडू विसर. मी बघितलं. तो खाली वाकला, उजव्या हाताची बोटं गवतात टेकली, बोटांची पेरं पांढरी पडली. स्नॅप होऊन चेंडू खेळात आल्याबरोबर पहिलं पाऊल मागे, सहा इंचांचं, कंबर खाली, दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर. समोरचा आत शिरायला बघायचा, हा तेवढाच सरकायचा. दरवाजा लावून कुणीतरी आतून पाठ लावून उभं राहावं तसं. नऊ प्लेमध्ये एकदाही त्याचं नाव ध्वनिक्षेपकावर आलं नाही. दहाव्यात त्याच्याच बाजूने टचडाउन झालं आणि नाव पुकारलं गेलं ते धावणाऱ्याचं. तेव्हापासून मी दर सामन्यात एक ड्राइव्ह तशीच बघतो. तुम्हीही या हंगामात एकदा बघा, मग लाइनचे पाच रकाने भरायला बसू.

राहिला नाइल किनिक. त्याला वगळायचं कारण असं दिलं गेलं की त्याला नेमक्या कुठल्या रकान्यात बसवायचं तेच कळत नाही. १९३९ चा आयोवाचा संघ इतका लहान होता की बरेच जण दोन्ही बाजूंनी पूर्ण सामना खेळायचे, त्यांना लोखंडी माणसं म्हणायचे. किनिक धावायचा, पास टाकायचा, बचावात मागे उभा राहायचा, पंट मारायचा, चेंडू टप्पा पाडून मारायची ड्रॉप किकही मारायचा. त्या हंगामात आयोवाच्या १३० गुणांपैकी १०७ मध्ये त्याचा हात होता. सलग ४०२ मिनिटं तो मैदानाबाहेर गेला नाही. नोत्र दामविरुद्धचा ७-६ असा जिंकलेला सामना घ्या. टचडाउन त्याचं, त्यानंतरचा एक गुण त्याच्या ड्रॉप किकचा, आणि पंट १६. हाइजमन स्वीकारताना युरोपात युद्ध पेटलं होतं. रणांगणाऐवजी मिडवेस्टच्या मैदानांवर खेळायला मिळालं याबद्दल त्याने देवाचे आभार मानले. २ जून १९४३ रोजी नौदलाच्या सरावात त्याचं विमान व्हेनेझुएलाजवळच्या समुद्रात पडलं. वय २४, देह मिळाला नाही. बिग टेनच्या सामन्यात नाणेफेकीला जे नाणं उडतं, त्यावर त्याचा चेहरा आहे. मग रकाना मिळत नाही म्हणून नाव गाळायचं, की त्याच्यासाठी रकाना वाढवायचा?

माझी सूचना सोपी आहे. चार्ट पेपरवर एक ओळ वाढवा, तिला सर्वांगी खेळाडू म्हणा. तिथे किनिक आणि बॅरवँगर यांच्यात मत पडू दे. मिनेसोटाचा ब्रॉन्को नागर्स्की फुलबॅक आणि टॅकल दोन्हीचा दावेदार आहे, त्यालाही तिथे आणा. रनिंग बॅकच्या दोन जागा ग्रिफिन आणि ग्रेंज यांना द्या, डेन दुसऱ्या फळीत येऊ दे. पास झेलणाऱ्या रिसीव्हरमध्ये अँथनी कार्टरवरही पुन्हा मत घ्या. धावण्यावरच भर असलेल्या बो शेम्बेकलरच्या मिशिगनकडून खेळून तो तीनदा ऑल-अमेरिकन झाला, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला, हे शनिवारी कुणी मांडलंच नाही, मीसुद्धा नाही. मारिओटाच्या जागी ड्रू ब्रीझ घ्या. पर्ड्यूची मंडळी शनिवारी भिडेपोटी गप्प बसली, त्यांनी बसू नये. मिशिगनचा चार्ल्स वुडसन आहे तिथेच राहू दे, १९९७ मध्ये त्याने मुख्यतः बचावाचा खेळाडू असून हाइजमन जिंकली, त्यावर वादच नको.

हंगाम सुरू व्हायला अजून पाच आठवडे आहेत. येत्या रविवारी दुपारी माझ्याकडे या, चार्ट पेपर मी आणून ठेवलाय, सगळे रकाने कोरे. फक्त डाव्या टॅकलसमोर पेन्सिलीने ड्यूक स्लेटर लिहिलंय. ज्याला खोडायचं असेल त्याने खोडरबर आणि दोन ओळींचं कारण, दोन्ही घेऊन यावं.

आपला,
नेपरव्हिलचा एक इलिनॉयवाला